न ठेवलेले तीन फटाके

"अभि, फटाके ठेवलेस काय?"

"ठेवले काका."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"भाव काय लागला?"

"बेचाळीस."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. रणभिसेकाका बेचाळीस हा आकडा त्यांच्या वहीत लिहून घेत असणार. मग म्हणाले, "बरं. संध्याकाळी घरी येऊन जा. नाताळच्या करंज्या ठेवल्यात तुझ्या काकूनं. नाही आलास तर मलाच खाव्या लागतील, आणि डॉक्टर मला खाईल."

२७ डिसेंबर २००७, गुरुवार, दुपारचे तीन. मी फोन ठेवला आणि समोरच्या स्क्रीनकडे बघून स्वतःवरच खूश होऊन हसलो. कारण मी एकही फटाका ठेवला नव्हता.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मिरजेत स्टेशन रोडला कुलभूषण शेटे यांच्या शेअर दलालीच्या ऑफिसात डीलर होतो. डीलर म्हणजे लोक सांगतील ते शेअर कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि सांगतील तेव्हा विकायचे. स्वतःचं डोकं वापरायचं नाही, ही कामाची पहिली अट. मी अभिनंदन मगदूम, बी.कॉम., फर्स्ट क्लास. मला वाटायचं, डोकं असताना ते न वापरणं म्हणजे पाप.

ऑफिस औषधांच्या दुकानावर होतं. लांबट खोली, चार कॉम्प्युटर, भिंतीवर टीव्ही आणि बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सकाळी पावणेदहाला लोक येऊन खुर्चीवर रुमाल टाकून जायचे, एसटीत टाकतात तसे. निवृत्त हेडमास्तर चौगुले असायचे, हळदीचे एक अडते असायचे, सतारीसाठी भोपळे विकणारे एक गृहस्थ असायचे. दिवसभर हिरव्या-लाल आकड्यांकडे बघत बसायचं आणि मधूनमधून देशाच्या अर्थमंत्र्याला सल्ला द्यायचा. चहाचा नियम ठरलेला होता. ज्याचा शेअर वर गेला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. सगळ्यांचेच पडले, तर चहा शेटेसाहेबांचा. त्या अख्ख्या वर्षात शेटेसाहेबांवर चहा पाजायची वेळ फार क्वचित आली. आता माझं सांगलीत स्वतःचं ऑफिस आहे, एसी आहे, आणि एकही माणूस येऊन बसत नाही. सगळे मोबाइलवरच घेतात-विकतात. त्या बारा खुर्च्यांची मला अजून आठवण येते.

शांतवन रणभिसे त्या खुर्च्यांवर क्वचितच बसायचे. ते रेल्वेत गार्ड होते, चौतीस वर्षं. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतले बरेचसे त्यांनी शेअरमध्ये घातले, चांगल्या कंपन्या बघून, सावकाशीनं, आणि त्या पैशांचे अकरा लाख झाले. त्या वेळी मिरजेत अकरा लाख म्हणजे घर.

घराचीच तर गोष्ट होती. काकूंचं, करुणाकाकूंचं, सगळं आयुष्य रेल्वेच्या क्वार्टरात गेलं. नंतर मिशन हॉस्पिटलच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या. स्वतःचं घर हवं, आणि ते असं हवं की तिथे गाडीचा आवाज येता कामा नये, एवढी एकच त्यांची अट. "चौतीस वर्षं बोलता बोलता थांबलेय मी," त्या म्हणायच्या. "गाडी जाईपर्यंत काय बोलत होते तेच विसरून जायचे." शेवटी मालगावच्या रस्त्याला एक घर मिळालं. काकू वेगवेगळ्या तीन वेळांना तिथे जाऊन ओसरीवर नुसत्या बसून आल्या आणि तिन्ही वेळा काही ऐकू आलं नाही, तेव्हाच त्यांनी होकार दिला. पंचवीस हजार इसार दिला. मालकाचा मुलगा परदेशातून मार्चअखेर येणार, तेव्हा खरेदीखत.

मग शेअर तेव्हाच का विकून टाकले नाहीत? मीही विचारलं होतं. काका जरा ओशाळून म्हणाले होते, "बाजार चढतोय म्हणतात. मार्चपर्यंत मुद्रांकाचा आणि रंगाचा खर्च सुटला तर बघायचं. हाव आहे बाबा, नाही कशाला म्हणू? पण हाव करायची तर मागं फटाके ठेवून करायची."

हे फटाके म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाजारात 'पुट' नावाचा एक प्रकार असतो. महिन्यासाठी थोडे पैसे भरून तो घ्यायचा. बाजार कोसळला तर त्याची किंमत कित्येक पटीनं वाढते आणि शेअरमधलं नुकसान बरंचसं भरून निघतं. कोसळला नाही, तर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तो संपतो आणि पैसे गेले. काकांना हे मीच समजावलं होतं. फळ्यावर आलेख काढायच्या तयारीत होतो, तर ते अर्ध्या मिनिटात म्हणाले, "म्हणजे फटाके की."

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये बंद पडली की गार्डानं उतरून मागं चालत जायचं. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, बाराशेवर तीन. मागून चुकून दुसरी गाडी आलीच, तर चाकाखाली फटाके फुटतील आणि ड्रायव्हर गाडी थांबवेल. ऊन असो, पाऊस असो, जायचं. काका म्हणाले, "माझे पण तीन ठेवत जा. दर महिन्याला."

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तीन वाजता त्यांचा फोन यायचा. आणि दर महिन्याला त्यांचे पाच-सहा हजार पाण्यात जायचे, कारण बाजार वरच चालला होता. सात महिन्यांत चाळीस हजार गेले. मला ते बघवायचं नाही. त्यात नाताळच्या आधी काकू ऑफिसात आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "तुझ्या त्या फटाक्यांत खिडक्यांच्या जाळ्या झाल्या असत्या रे."

झालं. मी ठरवून टाकलं. या महिन्याला फटाके घ्यायचे नाहीत, काकांना घेतले म्हणून सांगायचं आणि जानेवारी संपला की सहा हजार तीनशे रुपये वाचल्याचं त्यांना दाखवून चकित करायचं. व्यवहाराचा कागद, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, मुंबईहून यायचा आणि ग्राहकाला मीच द्यायचो, त्यामुळे कळायचा प्रश्न नव्हता. त्या संध्याकाळी मी करंज्या खाल्ल्या, डबा भरून घरीही नेला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकांनी एकदा विचारलं, "नोट आली नाही काय रे अजून?"

"मुंबईहूनच उशीर झालाय काका."

"येऊ दे सावकाश. तू ठेवलेत म्हणजे ठेवलेत."

मग आला सोमवार, २१ जानेवारी.

त्या दिवशी ऑफिसात आवाज फक्त टीव्हीचा होता. दुपारपर्यंत सगळा पडदा लाल झाला. भोपळेवाले उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. चौगुले मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे आकडे दिसायलाच नकोत. "विक रे बाबा, काय येईल ते येऊ दे," असं म्हणत लोक माझ्या टेबलाभोवती दाटले. मी एकेकाचे विकत होतो, पण माझं लक्ष जिन्याकडे होतं.

अडीच वाजता काका जिना चढून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहरा शांत. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि शेटेसाहेबांना म्हणाले, "साहेब, चहा सांगा की. आज तुमची पाळी." दोघं-चौघं हसले. तेवढं एकदाच त्या दिवशी कुणी हसलं.

मग माझ्याजवळ आले. "माझं काही विकू नकोस. फटाके आहेत. आज भाव काय त्यांचा?"

मी स्क्रीनवर बघितलं. तो भाव तिथे होता. फक्त आमचा नव्हता.

"साडेचारशे," मी म्हणालो.

त्यांनी खिशातली वही काढली, हिशेब केला आणि सुस्कारा टाकला. "करुणा कालपासून जेवली नाही धड. शनिवारी पण पडला होता म्हणून कुणीतरी सांगितलं तिला."

"शनिवारी बाजार बंद असतो काका."

"असू दे. तिला आता जाऊन सांगतो, घर कुठं जात नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. बाजार बंद व्हायला पाऊण तास होता. शेअर विकून टाकले असते तर थोडीफार ओढाताण करून घर झालं असतं. मी त्यांच्या वहीतल्या त्या सुबक आकड्याकडे बघत राहिलो. उद्या बाजार उसळेल, सगळं जागेवर येईल, आणि मला कधीच काही सांगावं लागणार नाही, असं मनाला सांगत राहिलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. दुसरं काही कारण नव्हतं. काका जिना उतरून गेले.

मंगळवारी बाजार उघडला आणि मिनिटाभरात इतका कोसळला की सगळे व्यवहार तासभर बंद ठेवावे लागले. पडदा गोठला. शेटेसाहेब देवासमोर उभं राहावं तसे टीव्हीसमोर उभे होते. मी काही न बोलता खाली उतरलो आणि मोटरसायकलला किक मारली.

काका मागच्या अंगणात आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होते. काकू घरात नव्हत्या.

"ती गेलीय मालगाव रोडला," काका म्हणाले. "ओट्याचं माप घ्यायला. फरशीवाला यायचाय म्हणे. बस. बाजाराचं काय?"

"काका, पुट नाहीत."

"विकलेस?"

"घेतलेच नव्हते."

वस्तरा गालावरच थांबला.

"डिसेंबरात?"

"होय."

"मला ठेवले म्हणालास."

"होय."

"काल भाव सांगितलास."

मी मान हलवली. मग मला रडू फुटलं आणि मी जे सुचेल ते बोलत सुटलो. पैसे फुकट जात होते, तुमचेच वाचवायचे होते, एक पै मी घेतलेली नाही, काकू जाळ्यांचं म्हणाल्या होत्या. काकांनी उरलेला गाल नीट पुसला. वस्तरा धुतला, पुसला, डबीत ठेवला. एवढा वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"चौतीस वर्षांत मी किती वेळा मागं चालत गेलो असेन, सांग."

"माहीत नाही काका."

"मलाही नाही. पण एकदासुद्धा मागनं गाडी आली नाही. एकदासुद्धा. मग ते चालणं फुकट गेलं म्हणतोस काय?"

त्यांनी खिळ्यावरचा आरसा काढला.

"न घेतलेस, ते एक वेळ समजू शकतो. पोरगा आहेस, शहाणपणा केलास. पण काल दुपारी सांगायचं होतंस रे. काल का नाही सांगितलंस?"

मी बाहीनं डोळे पुसले.

"किती वाजता उघडणार परत?"

"दहा पंचावन्नला."

त्यांनी आतल्या घड्याळाकडे बघितलं. दहा पस्तीस झाले होते. "चल. मागं फटाके नाहीत, तर आहे तेवढं विकून मोकळं व्हायचं," म्हणाले, आणि खुंटीवरचा शर्ट घातला. दाराला कुलूप लावता लावता थांबले. "एक ऐक. हे करुणाला कळता कामा नये."

"मी सांगतो काका त्यांना. माझी चूक आहे, मीच..."

"गप. ती सरळ शेटेंच्या पुढ्यात जाऊन उभी राहील. तुझी नोकरी जाईल, या धंद्यात परत कुणी उभं करणार नाही. तुझ्या वडलांचं दुकान बंद पडलंय, माहिताय मला. आणि एवढं करून घर काही परत यायचं नाही. मी सांगतो तिला, मी विसरलो म्हणून. नाताळच्या गडबडीत तुला फोन करायचा राहिला."

"पण तुम्ही विसरला नव्हता."

"गाडी माझी होती. नोट बघायला पाहिजे होती, बघितली नाही. तुझ्या शब्दावर झोपलो. तेवढं माझं आहे." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "कबूल आहे ना? तोंड उघडायचं नाही."

मी कबूल केलं. माझ्या सोयीचंच होतं ते.

ते मोटरसायकलवर मागे बसले आणि आम्ही ऑफिसात आलो. दहा पंचावन्नला पडदा हलला आणि त्यांनी एकेका कंपनीचं नाव घेतलं, मी एकेक विकत गेलो. सगळं मिळून पावणेआठ लाखांच्या आत आलं. संध्याकाळपर्यंत बाजार थोडा सावरला. आम्ही पडत्या बाजारात तळाशीच विकलं होतं.

मालगाव रस्त्याचं घर गेलं. मालकानं इसार परत दिला, एवढी माणुसकी दाखवली. पुढच्या दिवाळीपर्यंत बाजार निम्म्यावर आला, तेव्हा चौगुले मास्तर काकांना म्हणाले, "रणभिसे, तुम्ही नशीबवान. वेळेवर बाहेर पडलात." मलाही ते ऐकून हलकं वाटलं होतं. एकदा धीर करून मी तसं काकांना म्हणालोही. ते म्हणाले, "असं नसतं रे अभि. घर मार्चमध्येच घ्यायचं होतं. दिवाळीपर्यंत मी थांबणारच नव्हतो." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पैसे पोस्टात गेले आणि त्यातून त्यांनी दोन वर्षांनी एक घर घेतलं. स्वस्तात मिळालं, कारण ते बेळगाव लाइनीला अगदी लागून होतं. मागच्या दारातून हात लांब केला तर डब्याला लागेल, असं काकू म्हणायच्या. मांडणीतली भांडी दिवसातून कितीतरी वेळा थरथरायची.

मी जात राहिलो. काकांनी मला कधी येऊ नको म्हटलं नाही. पण शेवटच्या गुरुवारी तीन वाजता फोन येणं थांबलं ते थांबलंच. दर नाताळला करंज्या असायच्या. आणि दर नाताळला काकूंचं ठरलेलं बोलणं असायचं. गाडी येई, काकू हातात बशी धरून बोलता बोलता थांबत, गाडी जाई, आणि मग त्या काकांकडे वळून म्हणत, "लोकांच्या गाड्यांचं चौतीस वर्षं विसरला नाहीत. माझ्या घराच्या वेळी तेवढं विसरलात." कधी चेष्टेत म्हणायच्या, कधी नाही. एका वर्षी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या, बऱ्याच वेळानं डोळे पुसून बाहेर आल्या. काका दर वेळी खाली बघून म्हणायचे, "चुकलं बाई." माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी करंजी खात बसायचो.

२०१६ च्या जुलैत काका गेले. महिन्याभरानं मी काकूंना भेटायला गेलो. तोवर माझं सांगलीचं ऑफिस सुरू झालं होतं, नोकरी जाण्याची भीती राहिली नव्हती. काकू औषधांचा डबा आवरत होत्या.

"बघ ना," त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवसापर्यंत गोळीची वेळ चुकली नाही यांची. माझ्या गोळ्यासुद्धा हेच लक्षात ठेवायचे. एवढ्या माणसानं तेवढं एकच कसं विसरावं? मी अजून विचार करते."

मागून गाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो. मग मी त्यांना सगळं सांगितलं. डिसेंबरचा फोन, सोमवारचा भाव, अंगणातला आरसा, दारातलं वचन. काहीही न लपवता सांगितलं. आता त्या मला काय बोलतील याची मी तयारी करून आलो होतो. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे ते विसरले नव्हते?"

"नाही काकू. बरोबर तीन वाजता फोन केला होता त्यांनी. भावसुद्धा लिहून घेतला होता."

"विसरले नव्हते," त्या परत म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. त्या उठल्या, टेबलावरचा फोन घेतला आणि सोलापूरला मुलीला लावला. "एस्तेर, अगं ऐक. बाबा विसरले नव्हते. घराच्या वेळचं म्हणतेय मी. फोन केला होता त्यांनी, वेळेवर. विसरले नव्हते गं तुझे बाबा." पलीकडून एस्तेर काहीतरी विचारत होती, बहुधा मग झालं काय, असं. काकू म्हणाल्या, "ते जाऊ दे, नंतर सांगीन," आणि फोन ठेवला.

हात तसाच फोनवर ठेवून त्या उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरचं ते हसू हळूहळू गेलं.

"आठ वर्षं बोलले मी त्यांना," त्या म्हणाल्या. "दर नाताळला."

मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तू इथंच बसून ऐकत होतास, अभि."